सकाळी नऊ किलोमीटरला चाळीस मिनिटे का लागतात?

प्रश्न असा आहे. मोठ्या शहराच्या कडेला वाढलेले एक शहर आहे. घरे एका भागात, कार्यालये दुसऱ्या, शाळा आणि दुकाने तिसऱ्या, आणि गाडीशिवाय यांपैकी कुठेही पोचता येत नाही. दुपारी नऊ किलोमीटरला १४ मिनिटे लागतात, सकाळी पावणेनऊला तेच अंतर ४० मिनिटे खाते. मुख्य रस्ता चार पदरी आहे, तो सहा पदरी करायचा प्रस्ताव आला आहे. त्याने फरक पडेल का? नसेल पडत तर प्रशासनाकडे काय मागावे, आणि तोवर रोज जाणाऱ्याने काय करावे?

चौक तसेच ठेवून मधला रस्ता रुंद केला तर फरक जवळजवळ शून्य. चौकही रुंद केले तर काही काळ पडेल. पण त्याआधी करण्याजोगी, फारच कमी खर्चाची बरीच कामे असतात आणि ती बहुतेक ठिकाणी झालेली नसतात. म्हणून आधी चौकाचे गणित समजून घ्या, ते एकदा कळले की उरलेले आपोआप उलगडते.

रांगेत उभ्या असलेल्या गाड्या हिरवा दिवा लागल्यावर एका लेनमधून साधारण दर दोन सेकंदाला एक अशा सुटतात. म्हणजे दिवा तासभर हिरवाच राहिला तर १८०० गाड्या. पण तो तासभर हिरवा नसतो. सिग्नलचे पूर्ण चक्र ९० सेकंदांचे असेल आणि त्यात तुमच्या वाट्याला ३५ सेकंद हिरवा येत असेल, तर १८०० गुणिले ३५ भागिले ९०, म्हणजे तासाला ७०० गाड्या. दोन चौकांच्या मधली तीच लेन १८०० गाड्या सहज वाहून नेऊ शकते, चौक मात्र ७०० सोडतो. सकाळी पावणेनऊला मुख्य रस्त्यावरच्या पादचारी पुलावर उभे राहून पाहा. दोन चौकांमधला बराचसा रस्ता मोकळा दिसेल आणि गाड्या स्टॉप लाइनच्या मागे दाटलेल्या दिसतील. प्रस्तावात रुंद होणार आहे तो बहुधा हा मोकळा भाग.

आता त्या ७०० च्या चौकावर तासाला ७७० गाड्या येऊ लागल्या असे धरा. फक्त दहा टक्के जास्त. तासाच्या शेवटी ७० गाड्या शिल्लक राहतात. एका गाडीला मधल्या अंतरासकट सात मीटर लागतात, तेव्हा रांग ४९० मीटर होते आणि तिच्या शेपटाला उभ्या असलेल्याला सहा मिनिटे जादा थांबावे लागते. मागचा चौक ४०० मीटरवर असेल तर रांग त्याच्या पोटात शिरते. मग तिकडून भलत्याच दिशेला जाणारे, या चौकाशी काही घेणेदेणे नसलेले लोकही अडकतात, कारण त्यांना हिरवा मिळूनही पुढे जागा नसते. दहा टक्क्यांच्या जादा भाराची चाळीस मिनिटे होतात ती अशी.

हेच गणित उलटेही चालते, आणि ही सर्वांत आशेची बाजू आहे. शाळांना सुट्टी लागली की रस्ते एकदम मोकळे होतात हे सगळ्यांनी पाहिलेले असते. त्या दिवसांत अर्ध्या गाड्या काही नाहीशा झालेल्या नसतात. पाच-दहा टक्के कमी झालेल्या असतात, आणि चौकावर येणाऱ्या गाड्या ७०० च्या खाली आल्या की रांग साचतच नाही. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकच्या वेळी ट्रकची मालवाहतूक रात्रीकडे ढकलून आणि कामाच्या वेळा पुढेमागे करून असाच मोकळेपणा मिळवला होता. त्यामुळे कोणताही उपाय तोलताना ‘याने किती लोक गाडी सोडतील’ हा प्रश्न पुरेसा नाही. ‘या एका चौकातून, या पाऊण तासात, शंभरातल्या सात-आठ गाड्या कमी होतील का’ असे विचारा.

अशा शहरात हे दुखणे जास्त का असते? रस्त्यांच्या आखणीमुळे. जुन्या गावात उभ्याआडव्या रस्त्यांची जाळी असते, एक वाट तुंबली तर दुसरी असते. उपनगरी शहर झाडासारखे वाढते. बंद गल्ल्या वसाहतीच्या रस्त्याला मिळतात, ते रस्ते मुख्य रस्त्याला, आणि मुख्य रस्ता महामार्गाला. पाठीला पाठ लावून असलेल्या दोन घरांमध्ये भिंतीपलीकडे वीस मीटर अंतर असते, रस्त्याने मात्र दीड किलोमीटर. किरकोळ सामानाला निघालेला, मुलांना क्लासला सोडणारा आणि कार्यालयाला जाणारा, तिघेही त्याच तीन-चार चौकांतून जातात. आतले रस्ते दिवसभर ओस आणि मोजके चौक ओसंडलेले, हे या आखणीचे थेट फळ आहे.

त्यात प्रवासाच्या दिशाही बदलल्या आहेत. सगळे सकाळी मोठ्या शहराच्या मध्यभागी जातात आणि संध्याकाळी परततात, हे चित्र आता बहुतेक उपनगरांना लागू नाही. अमेरिकेत कामाच्या प्रवासाचा सर्वांत मोठा प्रवाह बऱ्याच काळापासून उपनगरातून उपनगरात असा आहे. शिवाय तिथे सगळ्या फेऱ्यांमध्ये कामावर जाण्यायेण्याच्या फेऱ्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच भरतात, बाकी शाळा, खरेदी, दवाखाना, भेटीगाठी. सकाळची गर्दी उंच आणि अरुंद असते, कारण शाळा आणि कार्यालय एकाच वेळी भरतात. संध्याकाळची पसरट असते, एकूण गाड्या जास्त पण तीन तासांत वाटलेल्या. सर्व दिशांना जाणारे लोक असल्याने चौकात सरळ जाणाऱ्यांइतकेच वळणारे होतात, आणि सिग्नलचे खरे दुखणे तिथून सुरू होते.

समोरून येणाऱ्या रांगेला छेदून घ्यायचे वळण (जिथे गाड्या डावीकडून चालतात तिथे उजवे, बाकी ठिकाणी डावे) सिग्नलचा सर्वाधिक वेळ खाते. त्याला वेगळा बाण द्यावा लागतो आणि दोन टप्प्यांचा (म्हणजे दोन पाळ्यांनी हिरवा देणारा) सिग्नल चार टप्प्यांचा होतो. प्रत्येक टप्पा बदलताना साधारण चार सेकंद वाया जातात, थोडे गाड्या हलायला आणि थोडे चौक रिकामा व्हायला. चार टप्प्यांचे सोळा सेकंद. ९० सेकंदांच्या चक्रातले ७४ म्हणजे ८२ टक्के कामी येतात. चक्र १२० चे केले तर ८७ टक्के, १८० चे केले तर ९१. बरेच ठिकाणी गर्दी वाढली की चक्र लांबवत नेतात, पण १२० वरून १८० वर गेल्याने चारच टक्के मिळतात आणि प्रत्येकाचे लाल दिव्यापुढचे थांबणे दीडपट होते. ब्रिटनमधले संशोधक वेबस्टर यांनी १९५८ मध्ये दिलेले सूत्र आजही उपयोगी पडते. वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करा, त्यात ५ मिळवा, आणि आलेल्या संख्येला ‘एकातून चौकाचा भार वजा’ याने भागा. भार म्हणजे प्रत्येक टप्प्यातल्या सर्वांत भरलेल्या लेनच्या गाड्या भागिले १८००, अशा सगळ्या टप्प्यांची बेरीज. सोळा सेकंद वाया आणि भार ०.७५ असेल तर २९ भागिले ०.२५, म्हणजे ११६ सेकंदांचे चक्र. भार ०.९ झाला की उत्तर २९० सेकंद येते. असे उत्तर आले की समजावे, आता सिग्नलच्या वेळा बदलून भागणार नाही, चौकातून काहीतरी काढावेच लागेल.

काढायचे ते बहुधा हेच छेदणारे वळण. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९६० च्या दशकापासून रुंद दुभाजकाच्या रस्त्यांवर ते मुख्य चौकात बंदच ठेवतात. गाडी चौकातून पुढे जाते, दीड-दोनशे मीटरवरच्या कटमधून यू-टर्न घेते आणि परत येऊन सोप्या बाजूला वळते. फेरा पडतो, पण सिग्नल दोन टप्प्यांचा होतो. वाया जाणारे सेकंद १६ वरून ८ वर येतात आणि भार ०.६ वर आला तर सूत्र ४३ सेकंदांचे चक्र सांगते. पादचाऱ्यांना पुरेल असे ७० ठेवले तरी ११६ पेक्षा कितीतरी बरे. दुभाजक अरुंद असेल तर लांब गाड्या एका दमात वळत नाहीत. तिथे वळणापुरता रस्ता बाहेरच्या बाजूला फुगवावा लागतो, आणि हे विसरले तर योजना पहिल्याच आठवड्यात बदनाम होते.

हे जमत नसेल तर निदान वळणाच्या लेनची लांबी तपासा. तासाला २४० गाड्या वळतात आणि चक्र १२० सेकंदांचे, म्हणजे तासाला ३० चक्रे असतील, तर दर चक्राला सरासरी आठ गाड्या. लेन ४० मीटरची असेल तर तीत सहाही मावत नाहीत. सहावी गाडी सरळ जाणाऱ्या लेनमध्ये उभी राहते आणि मागच्या सगळ्यांचा हिरवा फुकट जातो. कागदावर दोन लेन असतात, प्रत्यक्षात एकच चालते. वळणाची लेन सरासरी रांगेच्या दुपटीला पुरेल इतकी, म्हणजे इथे सुमारे ११० मीटर हवी. ती वाढवायला जागा नसेल तर चक्र ९० वर आणा, तासाला ४० चक्रे होतात आणि दर चक्राला सहाच गाड्या येतात. चक्र लांबवल्याने वळणाची लेन फुटते आणि त्यामुळे रांग आणखी वाढते, हा सापळा फार ठिकाणी दिसतो. उलटही होते. सरळ जाणाऱ्यांची रांग इतकी लांबते की वळणाऱ्यांना त्यांच्या लेनच्या तोंडापर्यंत पोचताच येत नाही, बाण हिरवा होतो आणि चौक रिकामा पाहत राहावा लागतो.

पण हे सगळे कुठल्या चौकात घडते आहे ते आधी मोजायला हवे, आणि मोजणीतच सर्वांत मोठी चूक होते. लोक स्टॉप लाइनवर उभे राहून गेलेल्या गाड्या मोजतात. भरलेल्या चौकात त्या आकड्यावरून चौक किती सोडतो एवढेच कळते, किती गाड्यांना जायचे होते ते कळत नाही. तासाला ७०० आकडा आला की ‘क्षमतेइतकीच वाहतूक आहे’ असा अहवाल लिहिला जातो आणि मागची अर्धा किलोमीटरची रांग कागदावर येतच नाही. म्हणून हिरवा संपताना मागे किती गाड्या राहिल्या तेही दर चक्राला लिहा. मोजणी मंगळवार ते गुरुवार, शाळा चालू असताना, सकाळी साडेसात ते साडेनऊ. दर १५ मिनिटांचा आकडा वेगळा, प्रत्येक बाजू वेगळी, सरळ आणि दोन्ही वळणे वेगळी. एका चौकाला चार माणसे लागतात, किंवा उंचावर लावलेला एक कॅमेरा आणि नंतरची सवडीची मोजणी. तासाला १००० गाड्या आणि त्यातल्या सर्वांत गर्दीच्या १५ मिनिटांत ३०० असतील, तर त्या पाव तासाचा वेग १२०० चा आहे. सिग्नल त्या १२०० ला पुरला पाहिजे, तासाची सरासरी धरून लावलेल्या वेळा नेमक्या त्या पाव तासात कोसळतात.

सोबत स्टॉपवॉच घ्या. रांगेतली चौथी गाडी लाइन ओलांडते तिथे सुरू करा, बारावी ओलांडते तिथे बंद करा, आठने भागा. पहिल्या तीन गाड्या सोडायच्या, कारण त्या हलायला वेळ घेतात. उत्तर दोन सेकंद आले तर चौक नीट सुटतो आहे. अडीच आले तर त्याच हिरव्यात १८०० ऐवजी १४४० च्या वेगाने गाड्या जात आहेत, म्हणजे पाचवा हिस्सा गेला. कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. मोबाइलवर मान घातलेले चालक, चौकाच्या तोंडाशीच असलेले पेट्रोल पंपाचे किंवा दुकानाच्या आवाराचे फाटक, लाइनपुढचा खड्डा, चौकापलीकडे लगेच कमी होणारी लेन. चौकापासून ७०-७५ मीटरच्या आत आवाराचे तोंड नसावे आणि शेजारच्या आवारांना आतून एकमेकांशी जोडावे, म्हणजे शेजारच्या दुकानात जायला पुन्हा मुख्य रस्त्यावर यावे लागत नाही. हे काम दिसायला क्षुल्लक, पण दोन लेनचा रस्ता खऱ्या अर्थाने दोन लेनचा करते.

एक सावधगिरी. सर्वांत तुंबलेला चौक सुटला की पुढचा तुंबतो, कारण इतके दिवस पहिला चौकच त्याला थोड्या थोड्या गाड्या पाठवत होता. एकेकटा चौक सुधारून पाठ थोपटून घेणाऱ्या कामात हे हमखास घडते. मोजणी निदान सलग तीन चौकांची हवी.

सलग चौक म्हटले की सिग्नलचा मेळ आला. ताशी ४८ किलोमीटरने ८०० मीटर कापायला ६० सेकंद लागतात. चक्र १२० सेकंदांचे असेल तर हे बरोबर अर्धे चक्र, आणि तेव्हा दोन्ही दिशांना ओळीने हिरवे देता येतात. चौक ४०० मीटरवर असतील तर ३० सेकंद, पाव चक्र, आणि मग एका दिशेला दिले की दुसरीचे बिघडते. सकाळी कार्यालयांकडे आणि संध्याकाळी घरांकडे अशा दोन वेगळ्या योजना त्यासाठी लागतात. गर्दीच्या उलट दिशेने जाणाऱ्याला प्रत्येक चौकात लाल मिळतो तो यामुळे, सिग्नल बिघडलेला नसतो. हा मेळ घड्याळावर चालतो. एका नियंत्रकाचे, म्हणजे सिग्नल चालवणाऱ्या यंत्राचे, घड्याळ वीस सेकंद मागे पडले की आख्ख्या रस्त्याचा मेळ मोडतो आणि वर काही दिसत नाही. गाडी आल्याचे ओळखणारा रस्त्याखालचा डिटेक्टर मेला की नियंत्रक सुरक्षित बाजू म्हणून गाडी असो-नसो त्या बाजूला दर चक्राला पूर्ण हिरवा देत राहतो. आडव्या रस्त्यावर कोणी नसताना मुख्य रस्त्याला रोज लाल मिळत असेल तर ही तक्रार करा, वेळ आणि चौकाची बाजू लिहून. दुरुस्ती एका दिवसाची असते. वेळा ठरवून दोन-तीन वर्षे झाली असतील आणि मध्ये एखादी वसाहत किंवा शाळा उभी राहिली असेल, तर वेळा शिळ्या झाल्या आहेत असे खुशाल धरा.

आता रुंदीकरणाकडे. चौकासकट रस्ता रुंद केला की पादचाऱ्याचा वेळ वाढतो. तो सेकंदाला सुमारे १.१ मीटर चालतो. वळणाच्या लेन धरून चौकातला रस्ता १४ मीटर असेल तर ओलांडायला १३ सेकंद, पाऊल टाकायला सात, एकूण २०. रस्ता २४ मीटरचा केला की २२ अधिक ७, म्हणजे २९. हे जादा नऊ सेकंद मुख्य रस्त्याच्या हिरव्यातून जातात. म्हणजे नव्या लेनने दिलेले थोडे तिनेच परत घेतले. पादचाऱ्यांचा वेळ कापून हे भरून काढायचा मोह होतो, आणि मग रस्त्याच्या मधोमध अडकलेली म्हातारी माणसे दिसतात. हे कोणत्याही परिस्थितीत करू नये. मध्ये थांबायला किमान दोन मीटर रुंदीचा दुभाजक द्यावा.

दुसरे कारण अधिक खोलवरचे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच मांडले होते की गर्दीच्या वेळी महामार्गावरची वाहतूक वाढवलेली जागा भरेपर्यंत वाढते. रस्ता मोकळा झाला की गर्दी टाळायला साडेसहाला निघणारे पुन्हा आठला निघतात, आडवाटेने जाणारे मुख्य रस्त्यावर येतात, बसने जाणारे काही जण गाडी काढतात. तिन्ही बाजूंनी जागा भरते. डुरांटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी महानगरांची आकडेवारी तपासली, तेव्हा महामार्गांच्या लेन जितक्या प्रमाणात वाढल्या जवळपास तितक्याच प्रमाणात गाड्यांनी कापलेले अंतर वाढलेले आढळले. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमधला केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ पर्यंत रुंद केला गेला. बाजूचे रस्ते धरून तो काही ठिकाणी २६ पदरी आहे. काही वर्षांतच गर्दीच्या वेळेचा प्रवास पुन्हा लांबला. रुंदीकरणाने कोणाचाच फायदा होत नाही असे नाही, जास्त लोक हव्या त्या वेळी जाऊ शकतात. पण ‘तुमची ४० मिनिटे २० होतील आणि तशीच राहतील’ असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

राउंडअबाउटबद्दल, म्हणजे सिग्नलऐवजी मधल्या गोल बेटाभोवती गाड्या फिरवणाऱ्या चौकाबद्दल, नेहमी विचारले जाते. एकेरी लेनचा नीट बांधलेला राउंडअबाउट दिवसाला वीस-पंचवीस हजार गाड्या पेलतो, दुपारी-रात्री फुकटचे थांबणे जाते आणि गंभीर अपघात खूपच कमी होतात, कारण समोरासमोर आणि काटकोनात धडकायला जागाच नसते. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कार्मेल या उपनगरी शहराने दीडशेच्या वर चौक असे केले आहेत. फसतो तो मुख्यतः एका परिस्थितीत. एका दिशेचा प्रवाह इतका भारी असतो की त्याच्या पुढच्या तोंडाला आत शिरायला फटच मिळत नाही. तिथे भारी प्रवाहाच्या तोंडावर फक्त गर्दीपुरता सिग्नल लावतात.

शाळेची रांग मात्र सविस्तर पाहण्यासारखी आहे, कारण सकाळच्या गर्दीचा उंचवटा बहुधा तिच्यामुळेच तयार होतो. फाटकासमोर एकावेळी पाच गाड्या थांबू शकतात आणि मूल, दप्तर, निरोप धरून ५० सेकंद लागतात असे धरा. मिनिटाला सहा गाड्या, २० मिनिटांत १२०. आल्या २००. उरलेल्या ८० गाड्यांची ५६० मीटरची रांग मुख्य रस्त्यावर. उपाय सगळे बिनखर्चाचे. गाडी पहिल्या रिकाम्या जागी न थांबता पार पुढच्या टोकापर्यंत जाईल असा एक माणूस उभा करा. दप्तर डिकीत नको, मुलाच्या मांडीवर हवे, त्यानेच १५ सेकंद वाचतात. ५० चे ३५ झाले की २० मिनिटांत १७० च्या वर गाड्या जातात आणि रांग ८० वरून ३० गाड्यांच्या आत येते. तीनचारशे मीटरवरच्या मैदानात सोडायची दुसरी जागा ठेवा, तिथून मोठी मुले चालत येतील. आणि सगळ्यांत प्रभावी म्हणजे एकाच रस्त्यावरच्या दोन शाळांच्या घंटांत निदान २५ मिनिटांचे अंतर. दहा मिनिटांनी भागत नाही, पहिलीची रांग ओसरायच्या आत दुसरीची सुरू होते.

महामार्गावर चढणाऱ्या रॅम्पचे दुखणे वेगळे. तिथे सिग्नल नसतो. गाड्या घोळक्याने घुसल्या की ब्रेकची लाट मागे सरकत जाते, आणि एकदा वेग मोडला की महामार्ग आधीपेक्षा पाच-दहा टक्के कमीच गाड्या सोडतो. रॅम्पवर सिग्नल लावून एकेक गाडी सोडणे हा त्यावरचा उपाय शिकागोत १९६३ पासून आहे. मिनेसोटात २००० साली लोकांच्या तक्रारीवरून असे सगळे सिग्नल काही आठवडे बंद ठेवून पाहिले. प्रवासाचा वेळ २२ टक्क्यांनी आणि अपघात २६ टक्क्यांनी वाढले, तेव्हा ते पुन्हा चालू केले. अट एकच, रॅम्पवर रांगेला जागा हवी, नाहीतर ती खालच्या चौकात उतरते.

गाड्या कमी करायच्या तर सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे बंद गल्ल्यांची टोके जोडणारी तीन मीटरची पायवाट. भिंतीतले एक दार, दिवा, आणि पावसात चिखल न होणारा पृष्ठभाग. दीड किलोमीटरचा वळसा दोनशे मीटरवर येतो आणि शाळा, दुकान, बसथांबा एकदम चालण्याच्या टप्प्यात येतात. चारचाकी घुसू नये म्हणून दीड मीटर अंतराने खांब लावा, व्हीलचेअर त्यातून जाईल याची खात्री करून. विरोध नेहमी सुरक्षिततेच्या नावाने होतो. सरळ, दोन्ही टोके दिसणारी, उजेडाची वाट केली की तो बराच मावळतो. बसचा मार्ग प्रत्येक वसाहतीत वेटोळे घेत नेऊ नका. मुख्य रस्त्याने सरळ, दर १५ मिनिटांनी, आणि रांगेला वळसा घालून पुढे जाता येईल अशी चौकातली छोटी बस लेन. तासाला एक बस असेल तर तिच्यावर भिस्त ठेवून कोणीही दिवस आखत नाही. कार्यालयाचे फुकट पार्किंग हेही गाडी काढायला दिलेले बक्षीसच आहे. कॅलिफोर्नियात १९९२ च्या कायद्याने काही कंपन्यांना पार्किंगऐवजी तेवढे पैसे घ्यायची मुभा कर्मचाऱ्यांना द्यावी लागली. पार्किंगचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी अशा आठ ठिकाणी पाहणी केली, तर एकट्याने गाडी आणणारे ७६ टक्क्यांवरून ६३ वर आले होते. वरचे सात-आठ टक्के आठवा. सिंगापूर (१९७५), लंडन (२००३) आणि स्टॉकहोम (२००६) इथे शहराच्या मध्यभागात शिरणाऱ्या गाड्यांवर लावलेला गर्दीचा कर परिणामकारक आहे, पण जिथे मध्यभाग असा नाहीच तिथे कर घ्यायची वेस कुठे आखणार? म्हणून उपनगरात आधी पार्किंगपासून सुरुवात करावी असे माझे मत आहे.

आता रोज जाणाऱ्यासाठी. दोन आठवडे घरून निघण्याची आणि पोचण्याची वेळ लिहा, दररोज निघण्याची वेळ पाच-दहा मिनिटांनी बदलत. रांग पावणेआठला सुरू होऊन पावणेनऊला २६ मिनिटांच्या टोकाला पोचत असेल, तर दहा मिनिटे लवकर निघण्याचे साधारण चार मिनिटे बक्षीस मिळते. शाळा भरल्या की रांग झपाट्याने ओसरते, त्यामुळे सव्वानऊनंतर निघायची सवलत मिळत असेल तर तीच जास्त मोलाची. वेळेवर पोचणे सक्तीचे असेल तेव्हा सरासरीवर विसंबू नका. दहा नोंदींतला दुसऱ्या क्रमांकाचा वाईट दिवस धरून निघा. मार्ग निवडताना किलोमीटर मोजण्याऐवजी छेदणारी वळणे मोजा, सोप्या बाजूची तीन वळणे एका अशा वळणापेक्षा बरेचदा लवकर नेतात. ॲप सुचवते ती वसाहतीतली आडवाट शेवटी त्याच चौकाला मिळत असेल तर फायदा दोन मिनिटांचा आणि त्रास तिथल्या मुलांना. शिवाय चार-पाच दिवसांत सगळे तीच वाट घेतात आणि दोन्ही वाटांना सारखाच वेळ लागू लागतो. पुढे जागा नसताना चौकात गाडी घालू नका, वर सांगितलेली रांग मागच्या चौकाच्या पोटात शिरते ती अशाच एका गाडीने.

प्रशासनाच्या बैठकीला जाल तेव्हा रुंदीकरणाला होकार किंवा नकार देण्याआधी तीन कागद मागा. सलग तीन चौकांची १५-१५ मिनिटांची मोजणी, त्यात हिरवा संपताना उरलेल्या गाड्यांचा रकाना असलेली. सिग्नलच्या सध्याच्या वेळा आणि त्या शेवटच्या कधी बदलल्या त्याची तारीख. आणि रुंदीकरणानंतर प्रत्येक चौकात मुख्य रस्त्याला व पादचाऱ्यांना किती सेकंद हिरवा मिळणार त्याचा तक्ता. तिसरा कागद नसेल तर तो तयार होईपर्यंत वेळा, वळणाच्या लेन आणि शाळांच्या घंटा यांचे काम सुरू करायला सांगा. त्याला जमीन ताब्यात घ्यावी लागत नाही.